टँक उघडायचे दिवस

राजारामपुरीत थंडी संपली हे आधी रसवाल्याला कळतं. कोपऱ्यावरचा त्याचा चरक थंडीभर फडक्याखाली निजलेला असतो, तो एका दुपारी घुंगरं वाजवू लागतो. मी गॅलरीत रजई उन्हात टाकत असते. खाली क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या गाड्यांची दाटी असते, आणि त्या पेट्रोलच्या वासातून वाट काढत कुठून तरी पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा वास वर येतो. तो वास आला की माझं घरात लक्ष लागत नाही. कळंब्याला, माझ्या थोरल्या भावाच्या घरी, टँक उघडायचे दिवस आले. बाकीच्या बायका दिवाळीला माहेरी जातात. मी दिवाळीलाही जाते, पण मनापासून जाते ती फाल्गुनात, खराटा हातात घेऊन शेवाळ घासायला.

टँक म्हणजे पोहायचा तलाव. कोल्हापुरात त्याला स्विमिंग पूल म्हणणारे अजून पाहुणेच. दादाचं घर कळंब्याच्या तलावापासून जरा आत, उसाच्या रानात आहे. घरामागं वडिलांच्या वेळचं गुऱ्हाळ होतं. रस उकळायची ती अवाढव्य काहील, तिच्याखालचं चुलवाण, आणि शेजारी पाण्याचा हौद. पुढं गुऱ्हाळावर कामाला माणसं मिळेनात, ऊस सरळ कारखान्याला जाऊ लागला, आणि एका साली दादानं चुलवाण पेटवलंच नाही. ओस पडलेल्या त्या जागेकडं त्याला बघवेना. मग त्यानं हौद खणून लांब-रुंद करून घेतला, निळ्या फरशा बसवल्या, उथळ बाजूला पायऱ्या आणि स्टीलचा कठडा केला, वाळूचा फिल्टर आणि मोटर आणली. लोकांनी सल्ले दिले, फार्महाऊस काढा, टँक भाड्यानं द्या. दादा म्हणाला, "माझ्या परड्यात परक्या लोकांनी चड्ड्या वाळत घालायच्या व्हय? न्हाय जमायचं." तसा टँक घरचाच राहिला. घरचा म्हणजे घरचे, भावकी, शेजारपाजार आणि उन्हाळ्यात जी पोरं येतील ती सगळी.

आणि दादा शिकवायचा. अर्ध्या कळंब्याला त्यानं पोहायला शिकवलं असेल, आधी विहिरीत, मग या टँकात. काठावर उभं राहून तो असा ओरडायचा की पोराला पाण्यापेक्षा दादाची भीती जास्त वाटायची आणि त्या भीतीनंच ते तरंगायला लागायचं. मीही तशीच शिकले. माझ्यानंतर माझ्या मुली शिकल्या. त्याचा आवाज पार कळंबा जेलच्या भिंतीपर्यंत जातो, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

आमच्याकडं थंडीत पाण्यात उतरायची कुणाची छाती नाही. दिवाळी झाली की मोटर बंद होते आणि टँकवर गुऱ्हाळातली जुनी ताडपत्री अंथरली जाते. मग शिमग्याच्या आधी ती ओढून काढायची. चौघांनी चार टोकं धरायची, मधे साठलेलं पानांचं आणि पाण्याचं ओझं सांभाळत मागं मागं सरकायचं, आणि खालून जे पाणी दिसतं ते शिजवलेल्या मेथीसारखं हिरवं. त्यात आंब्याची पानं, कुजक्या काड्या, बेडकं, एखादी दिवड, पाण्यातला साप तो. आत्तापर्यंत निवांत असलेलं हे सगळं गोकुळ उजेड पडला की एकदम गडबडतं. माझ्या मुलींना किळस यायची. मला मात्र त्या पाण्याचं कौतुक वाटत आलंय. आपण पाठ फिरवली, सोय केली नाही, विचारपूस केली नाही, तरी ते मेलं नाही. त्यानं अंधारात आपला संसार थाटला. स्वच्छ पाण्यापेक्षा त्यातच जास्त जीव होता, आणि तो आम्ही बादल्या भरभरून ओढ्यात नेऊन सोडायचो.

हिरवं पाणी मोटरीनं वैरणीच्या वाफ्यांत जायचं. मका आठवड्यात असा तरारायचा की म्हशींनाही टँक उघडल्याचं कळत असेल. तळ उघडा पडला की खरं काम. दादाचा नियम एकच होता, जो पोहणार त्यानं घासायचं. मजूर लावायचा नाही. काँग्रेसवाला असो, कमळवाला असो, डॉक्टर असो की पंचायतीचा मेंबर, पोराला पोहायला पाठवायचं असेल तर एक दिवस पँट दुमडून आत उतरायचं. रिकाम्या टँकात आवाज घुमतो. खराट्यांचा खसखस आवाज, काथ्यानं फरशी चोळल्याचा आवाज, पोरांची बोंबाबोंब, आणि वर काठावर खुर्ची टाकून बसलेल्या दादाची सूचनावजा शिवीगाळ, हे सगळं घुमून एकच होऊन जायचं. त्या आवाजात मला फार सुरक्षित वाटायचं. का ते सांगता येत नाही, पण वाटायचं.

या सगळ्यात जी पोहणारी नव्हती तीच सगळ्यांत जास्त घासायची. माझी वहिनी. ती नेसरीची. तिच्या माहेरी विहिरीत पोरं उड्या मारायची आणि पोरी काठावर धुणं धुवायच्या. लग्न होऊन इथं आली तरी तिचा आणि पाण्याचा संबंध धुण्याचाच राहिला. टँक झाल्यावर आम्ही किती मागं लागलो, वहिनी, उतरा, निदान पायरीवर बसा. ती ऐकायची नाही. "मला टँकचा तळ पाठ हाय," म्हणायची, "वर तरंगून मी आनी काय बगू?" आणि ते खरं होतं. कुठली फरशी बसवताना चुकून तिरकी बसली, कुठं सांध्यात शेवाळ लपतं, उथळ भाग संपून तळ कुठून खाली उतरायला लागतो, सगळं तिच्या तळव्यांना माहीत होतं. साडीचा काचा मारून ती तळाशी ओणवी व्हायची आणि दुपारपर्यंत उठायची नाही. मग सगळ्यांना भाकरी, खर्डा, दही-कांदा. टँकच्या कोरड्या तळावर पंगत बसायची. आकाश चौकोनी दिसायचं. तसं जेवण मी दुसरीकडं कुठं जेवले नाही.

पहिल्या सालचं आठवलं की अजून हसू येतं. टँक नवा, नव्याची नवलाई, आणि भरून चार दिवस होत नाहीत तोवर पाणी हिरवट. दुकानदारानं पावडर दिली होती, पण दादाचा त्या पावडरीवर विश्वास नव्हता. पोरांच्या डोळ्यांत जाईल म्हणायचा. पाणी स्वच्छ कसं करायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, उभ्या जन्मात काहिलीतला रस नितळ केलाय आपण, असं त्याचं म्हणणं. गुऱ्हाळात उसाच्या रसातला मळ काढायला रानभेंडी ठेचून तिचं चिकट पाणी घालतात. तो चिकटा मळ धरतो, मळी साईसारखी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची की खाली रस सोन्यासारखा. दादानं पहाटेच रानभेंडीचे भारे आणले, ठेचले, भिजवले, गाळले आणि घमेल्याघमेल्यानं टँकात ओतले. बांबूनं ढवळलं. मग गुऱ्हाळातला तो लांब दांड्याचा झारा घेऊन काठावर मळीची वाट बघत उभा राहिला.

मळी कसली येते! दुपारपर्यंत सगळ्या टँकाचा शेंबूड झाला. हात घालून वर काढला तर पाणी तारेनं खाली यायचं. फिल्टर तुंबला, मोटर रडायला लागली, बेडकं स्वतः होऊन बाहेर पडली. दादाच्या तोंडावर कोण बोलणार? तेवढ्यात वहिनी गोठ्यातून हात पुसत आली, वाकून बघितलं, आणि अगदी मनापासून विचारल्यासारखं म्हणाली, "अवो, खालनं जाळ घालायचा ऱ्हायला न्हवं? चुलवाण पेटवूया काय?"

दादा असा हसला की झारा हातातून टँकात पडला. तो झारा काढायलाही कुणी आत हात घालेना. सगळा टँक परत उपसावा लागला. पण मला त्या दिवशी माझ्या भावाचं कौतुकच वाटलं. ज्याच्या हातात एक विद्या आहे, तो जग समोर आलं की आधी तीच वापरून बघणार. आणि वहिनीचं त्याहून जास्त वाटलं. नवऱ्याची चूक चारचौघांत दाखवायची, आणि तरी त्याला लाज न वाटता हसू यावं, हे सगळ्यांना जमत नाही. मला तर माझ्या संसारात एकदाही जमलं नाही.

या वर्षी रसवाल्याचा चरक वाजला, पाचटाचा वास आला, आणि मी गॅलरीत तशीच उभी राहिले. या वर्षी टँक उघडणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं. मार्गशीर्षात एका सकाळी धार काढताना दादाच्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना, ते धावपळीचे दिवस, सगळं झालं. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलू शकतील, बोलत राहायला हवं. पण आपला आवाज बोबडा येतो हे दादानं एकदा ऐकलं आणि तोंडच मिटलं. व्हय आणि न्हाय, एवढेच शब्द उरले. भेटायला आलेल्यांकडं तो पाठ करून बसायचा. काठी घेऊन सोप्यातून संडासापर्यंत आणि परत. मी जायची, शेजारी बसायची, माझंच बोलून दमायची. ज्याच्या ओरडण्याला आम्ही जन्मभर वैतागलो, त्याचं गप्प बसणं सहन होत नव्हतं. परत येताना रिक्षात मला रडू यायचं.

आणि अशात वहिनीचा फोन. "वन्सं, टँक उगडायचा हाय. रविवारी या."

"अहो वहिनी, या वर्षी कशाला? दादा असा..."

"तेच की. त्येंच्यासाठीच."

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी होती. ती वहिनीला म्हणाली होती, यांना छातीभर पाण्यात उभं करता आलं तर बघा, पाण्यात अंगाचा भार कमी होतो, पाय लवकर जमीन धरेल. आणि घरी टँक आहे म्हटल्यावर ती मुलगी चकितच झाली. वहिनीनं घरी येऊन दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "न्हाय." मुलगा विलास म्हणाला, मी धरतो. "न्हाय." ती मुलगी स्वतः यायला तयार होती. "न्हाय." ज्या पाण्याच्या काठावर उभं राहून त्यानं सगळ्या गावाला धाक दिला, त्यात बाहुलीसारखं कुणी तरी धरून उतरवावं, हे त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते मला समजत होतं. पण दिवस जात होते. हे पहिले महिनेच महत्त्वाचे, हेही त्या मुलीनं सांगितलं होतं. पायानं आत्ता धरलं नाही तर माझा भाऊ उरलेलं आयुष्य भिंतीकडं तोंड करून काढणार होता.

तरी टँक उघडला. ताडपत्री ओढली, हिरवं पाणी वाफ्यांत गेलं, शेजारची माणसं न बोलावता खराटे घेऊन आली. दादा सोप्यात, पाठ फिरवून. काठावरची खुर्ची रिकामी होती आणि टँकात आवाज घुमत होते, पण ते जुळून येत नव्हते. सगळे हळू बोलत होते. वहिनी तेवढी नेहमीसारखी. ओणवी होऊन घासत होती, मधेच कुणाला तरी म्हणत होती, "अरं जोर लाव की, भाकरी खात न्हाईस व्हय?" मी तिच्याकडं बघत राहिले. हिच्या मनात काय चाललंय? साठी उलटलेली बाई, रात्रंदिवस आजारपण काढतेय, आणि हिच्या खराट्याला तोच जोर.

शेतीची लाईट आली की मोटर सुरू करायची, असं करत करत टँक भरत गेला. स्वच्छ तळावर पाणी चढताना बघण्यासारखं दुसरं सुख नाही. आधी तळाला नुसता ओला चकाकता थर, मग निळा रंग हळूहळू दाट होत जातो, फरशांच्या रेघा हलायला लागतात, आणि कधी तरी पाणी पायरीला लागतं. मी काठावर बसून राहायची. एकदा फिल्टरच्या मोटरीचा आवाज बदलला, घरघर होऊ लागली. विलास घरी नव्हता. वहिनी नि मी नुसत्या बघत उभ्या. तर मागून काठीचा आवाज. दादा परड्यात आला होता. त्यानं कान लावला आणि डाव्या हातानं मला फिल्टरच्या वरची हवेची चावी दाखवली. मी ती फिरवली, कोंडलेली हवा फुसकन गेली आणि मोटर ताळ्यावर आली. दादा मात्र परत आत गेला नाही. काठावरच्या त्याच्या खुर्चीत बसला, पाण्याकडं बघत. वहिनीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती गोठ्यात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. विलास डेअरीला दूध घालायला गेला होता. दादा खुर्चीत होता. वहिनीनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि हळूच म्हणाली, "वन्सं, काय बी झालं तरी तुम्ही पाण्यात यायचं न्हाय." मला अर्थ लागेपर्यंत तिनं साडीचा काचा मारला होता आणि ती पायऱ्या उतरायला लागली होती.

कठडा दोन्ही हातांनी धरलेला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, तशी तिची मान ताठ झाली. साडी फुगून वर आली, ती एका हातानं दाबत ती खाली उतरत होती. ओठ काही तरी पुटपुटत होते. दादा बघत होता. फरशीवर टकटकणारी त्याची काठी थांबली होती.

"ए," तो म्हणाला.

वहिनी तळाला पोचली. पाणी छातीपर्यंत. तिनं कठडा सोडला. तिच्या पायाची बोटं तळाची फरशी चाचपताना मला दिसत होती, इतकं पाणी स्वच्छ होतं.

"कठडा... धर," दादा म्हणाला. बोबडं होतं, पण अख्खं वाक्य होतं.

"न्हाय धरत. मला पवाय शिकायचं हाय."

"विलास... येऊ दे."

"विलास कशाला? त्येला तुम्हीच शिकवलंय न्हवं?" आणि ती पुढं निघाली. एक पाऊल, अजून एक. मी मनाची समजूत घालत होते की हिला तळ पाठ आहे, उतार कुठून सुरू होतो हे हिच्याइतकं कुणालाच माहीत नाही, उताराच्या अलीकडं ही थांबणार. पण कोरड्या तळावर पाय जसा ठरतो, तसा पाण्याखाली ठरत नाही. ते तिला कुठून माहीत असणार? ती जन्मात पहिल्यांदा पाण्यात उतरली होती. उताराच्या अलीकडंच तिचा पाय सटकला आणि ती तोंडासकट पाण्याखाली गेली.

माझ्या हातातला कप खाली पडला. मी पुढं धावले, आणि माझ्या आधी काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. दादा पायऱ्यांवर होता. बसून, घसरत, डाव्या हातानं कठड्याला लटकत, लेंग्याबंडीसकट तो पाण्यात उतरला. उजवा पाय मागं ओढला जात होता, पण पाणी कमरेवर आलं तसं माझ्या डोळ्यांदेखत त्याचं अंग हलकं झालं, आणि तो पाय तळावर टेकला. टेकला आणि राहिला. तो चालत होता. वाकडा, झोके खात, पण चालत होता. मी काठावर थांबले. थांबायला त्या घडीला मला जेवढं बळ लागलं, तेवढं पोहायलाही कधी लागलं नव्हतं.

त्यानं डाव्या हातानं तिच्या दंडाला धरून तिला वर उचललं. वहिनी खोकत होती, नाकातोंडातून पाणी, कपाळावर केस चिकटलेले, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांनी तिनं त्याची बंडी गच्च धरली होती. पाण्यात उतरणं तिनं ठरवून केलं होतं, पाय सटकणं नव्हे, आणि आता ती खरोखर घाबरली होती. दादानं लुळा हात पाण्यातून कसाबसा तिच्या पाठीमागं नेला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि तीनेक महिन्यांनी कळंब्यानं त्याचा आवाज ऐकला. जड, बोबडा, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, पण पलीकडच्या रानातला माणूस विळा थांबवून बघायला लागला इतका मोठा.

"सोड ती बंडी! पाय मार, पाय! घाबरतीस कशाला? मी हाय की!"